‘ब्लॅकमेल’ म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटक नव्हे

जुन्या ब्रिटिश गुन्हेपटांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: गाजलेलं नाटक उचललं, समोर कॅमेरा लावला, झाला सिनेमा, त्यात बोलपट आला आणि कॅमेरा जागीच खिळला. पुरावा म्हणून दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा १९२९ चा ‘ब्लॅकमेल’ हमखास पुढे करतात आणि वर ‘नायिकेचा आवाजही मागाहून डब केलेला’ अशी पुस्ती जोडतात. ‘ब्लॅकमेल’वर हा उघड अन्याय आहे.

आधी ‘नाटक जसंच्या तसं’ हा दावा घेऊ. चार्ल्स बेनेटचं नाटक १९२८ मध्ये लंडनच्या ग्लोब थिएटरात आलं, टॅलूला बँकहेड नायिका होती. कथेचा सांगाडा त्याचाच: अंगावर येणाऱ्या चित्रकाराला ॲलिस सुरीने मारते, तिचा प्रियकर स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह, आणि गुपित कळलेला एक माणूस दोघांना पिळायला येतो. पण सिनेमात त्या माणसाचा पाठलाग ब्रिटिश म्युझियममध्ये शिरतो आणि वाचनालयाच्या घुमटाची काच फोडून तो खाली कोसळतो. म्युझियमच्या आत चित्रीकरणापुरता उजेड नव्हता. म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचं एक्स्पोजर देऊन दालनांचे फोटो घेतले, त्यांच्या पारदर्शिका करून मागून उजळल्या आणि कॅमेऱ्यासमोर तिरक्या धरलेल्या आरशात त्यांचं प्रतिबिंब टिपलं. आरशाचा मुलामा जिथे खरवडला होता, तिथून पलीकडचे नट दिसत. या युक्तीला शुफ्टान प्रक्रिया म्हणतात. नाटकाच्या नेपथ्यावर भागवायचं असतं, तर एवढा खटाटोप कोणी केला असता?

कॅमेरा खिळला, यात थोडं तथ्य आहे. तेव्हाचा कॅमेरा खडखडायचा, म्हणून बोलत्या दृश्यांसाठी त्याला खोक्यात कोंडावं लागे. ‘ब्लॅकमेल’मधले काही संवाद त्यामुळे अवघडलेले वाटतात, हे मान्य. पण हा चित्रपट मूकपट म्हणून सुरू झाला होता आणि ती चपळाई त्यात शाबूत आहे. ॲलिस आणि चित्रकार जिना चढतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्यासोबत मजल्यामागून मजला वर सरकत जातो.

आणि आवाजाने सिनेमाचं नुकसान केलं म्हणणाऱ्यांनी न्याहारीचा प्रसंग एकदा कान देऊन ऐकावा. खुनानंतरची सकाळ. ॲलिस दुकानामागच्या खोलीत आईवडिलांसोबत बसली आहे आणि शेजारीण खुनाबद्दल अखंड बडबडते आहे. हळूहळू तिचं बोलणं विरत जाऊन नुसती पुटपुट उरते आणि तिच्यातून एकच शब्द लख्ख ऐकू येत राहतो: सुरी... सुरी... सुरी. वडील पाव कापायला सांगतात. ॲलिस सुरी उचलते, तोच तो शब्द किंचाळल्यासारखा आदळतो आणि तिच्या हातून सुरी उडते. नाट्यगृहात शेजारणीचं बोलणं साऱ्या प्रेक्षकांना सारखंच ऐकू येतं. इथे आपण ॲलिसच्या कानांनी ऐकतो. बोलपट ब्रिटनमध्ये नुकता रांगू लागला होता, तेव्हाचं हे काम आहे!

उरलं डबिंग. सिनेमात ॲलिस झालेल्या ॲनी ओंड्राचे उच्चार चेक वळणाचे होते आणि लंडनच्या दुकानदाराच्या मुलीच्या तोंडी ते शोभले नसते. पण तिचा आवाज मागाहून भरलेला नाही. जोन बॅरी ही अभिनेत्री चौकटीबाहेर माइकपाशी उभी राहून संवाद म्हणे, आणि ओंड्रा त्याच क्षणी कॅमेऱ्यासमोर ओठ हलवे. दोघींनी एकमेकींचा श्वास किती सांभाळला असेल! ही मेहनत ‘डब केला’ या दोन शब्दांत उडवून लावणं बरं नव्हे.

‘ब्लॅकमेल’ हा अपवाद होता, असंही कोणी म्हणेल. हिचकॉकचाच १९३२ चा ‘नंबर सेव्हन्टीन’ पाहा. तोही नाटकावरचाच, जे. जेफरसन फार्जनच्या. सुरुवातीला तो एका ओसाड घरात रेंगाळतो खरा, पण शेवटी मालगाडी आणि बस यांची अशी शर्यत लावतो की कोणत्याही रंगमंचाच्या फळ्या तिला पुरल्या नसत्या. छोट्या प्रतिकृती वापरून ती उभी केली होती.

बेनेट स्वतः पुढे हिचकॉकसाठी पटकथा लिहू लागला. १९३५ चा ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ ज्या पटकथेवर उभा आहे, तीही या नाटककाराच्याच हातची.