तासाला एकदा टाइम सेट केला म्हणजे घड्याळ सिंक झालं असं नसतं
गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, ऐरोली-महापेच्या सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर तर दोनदा. त्यात म्हटलंय की सर्व्हरचं घड्याळ क्वार्ट्झवर, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावणाऱ्या क्रिस्टलवर, चालतं म्हणजे ते बरोबरच असतं, टाइम सिंकचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) ठेवणं म्हणजे रॅमची नासाडी, त्यापेक्षा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर तासाला बी ऑप्शन लावून एनटीपीडेट टाका (ही कमांड टाइम सर्व्हरला वेळ विचारते, बी लावला की घड्याळ एका झटक्यात तिथे नेते), कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) यात काही काम नसतं आणि टाइम जरासा मागे गेला तरी काही बिघडत नाही. नवीन पोरं हे वाचून खरंच प्रॉडक्शनवर, म्हणजे कामाच्या चालू सर्व्हरवर, करतायत, म्हणून लिहितोय.

आधी क्वार्ट्झ. साध्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमची (दहा लाखात वीस भाग) चूक अगदी नॉर्मल आहे, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद. आणि ती चूक तापमानासोबत हलते. मशीन बंद असताना टाइम सांभाळणारा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल साधारण २५ डिग्रीला ठीक चालतो, त्याच्या वर गेलात की खाली, तो मागेच पडतो, ४५ डिग्रीला जवळपास १४ पीपीएमने. मे महिन्यात ठाण्यातल्या एखाद्या बंद खोलीत एसी बंद पडला की ४५ काही लांब नाही.

कर्नलचं काम नसतं, हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सीपीयूमधला टीएससी हा काउंटर नुसता मोजत असतो, सेकंद म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. कर्नल त्या मोजणीला एका आकड्याने गुणतो, शिफ्ट करतो, तेव्हा नॅनोसेकंद मिळतात. क्रॉनी किंवा एनटीपीडी हे टाइम सिंकचे डेमन टाइम सर्व्हरशी परत परत ताडून बघतात की आपला क्रिस्टल किती पळतोय, ते ॲडजटाइमेक्स कॉलने कर्नलला सांगतात आणि कर्नल तो गुणायचा आकडाच बदलतो, त्यामुळे चूक जिथून येते तिथेच धरली जाते आणि नेट गेलं तरी मशीन शिकलेल्या वेगाने चालत राहतं. तासाच्या एनटीपीडेटने यातलं काहीच होत नाही. वेग चुकीचाच राहतो, २० पीपीएमने तासात ७२ मिलिसेकंद साठतात, मग एक झटका, परत ७२, परत झटका. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरची लोकल लेट झाली तर मोटरमन जरा दामटून वेळ भरून काढतो, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे गाळून ऐरोलीहून थेट तुर्भ्यात नाही उगवत. एनटीपीडीच्या बाबतीत त्या दामटण्याची हद्द ५०० पीपीएम आहे, एक सेकंद भरून काढायला २००० सेकंद, तेहेतीस मिनिटं. हळू आहे, पण असं भरून काढताना टाइम कधी मागे जात नाही.

मागे गेल्याने काय होतं ते मी बघितलंय. एका क्लायंटकडे हीच क्रॉनची ओळ होती, बरोब्बर शून्य मिनिटाला, आणि तासाचे बाकीचे जॉबही तेव्हाच सुरू व्हायचे. एका जॉबला लागलेला वेळ निघाला मायनस ४० मिलिसेकंद, तो अनसाइन्ड, म्हणजे मायनस न धरणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये गेला, प्रचंड मोठा आकडा झाला आणि रात्रभर टाइमआउटचे अलार्म. आम्ही पहाटेपर्यंत नेटवर्क तपासत बसलो होतो. चूक प्रोग्रामचीही होती हे मान्य, कालावधी मोजायला क्लॉक मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं घड्याळ, घ्यायला हवं, त्याला असे झटके लागत नाहीत. पण प्रत्येकाचा कोड तुम्ही तपासलाय का?

एक सेकंद म्हणजे किरकोळ वाटत असेल तर २०१२ चा लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला जागतिक वेळेत घातलेला जादा सेकंद) आठवा, १ जुलै, आपल्याकडे पहाटे साडेपाच. लिनक्स कर्नलने सेकंद घातला पण हाय रेझोल्यूशन (अगदी बारीक वेळ मोजणाऱ्या) टायमरना ते कळवलंच नाही, मग छोटे टायमर लगेच संपायचे, परत लागायचे, परत संपायचे, सीपीयू शंभर टक्के. रेडिट ही वेबसाइट पडली होती. तेव्हा डेट कमांडने आहे तोच टाइम परत सेट केला की मशीन शांत व्हायचं, कारण त्या वाटेने टायमरना खबर जायची. कर्नलचं काम नसतं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रॅमचं म्हणाल तर क्रॉनी काही एमबीत भागवतो. बूट होताना एकदा उडी मारणं चालतं, क्रॉनीच्या कॉन्फिगमध्ये मेकस्टेप १ ३ लिहिलं की पहिल्या तीन अपडेटमध्येच एका सेकंदापेक्षा मोठी चूक उडीने जाते, पुढे सगळं हळूहळू. क्रॉनमधली ती ओळ आजच काढा, क्रॉनी लावा, एक दिवस चालू द्या आणि क्रॉनीसी ट्रॅकिंग ही कमांड मारा. फ्रिक्वेन्सीच्या ओळीत जो पीपीएम दिसेल, फास्ट की स्लो, तो तुमच्या क्रिस्टलचा खरा आकडा. ग्रुपवर टाका, मला बघायचाय.