‘महिन्याला पैसे घेऊन करतात काय?’ मकरपुऱ्याच्या एका कारखानदाराला उत्तर

कारखानदार भाऊ,

‘मकरपुरा जीआयडीसीतला (वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला) एक कारखानदार’ एवढीच सही तुम्ही केली आहे, म्हणून असंच म्हणते. लहान उद्योगांनी कॉम्प्युटर आणि नेटवर्कची जबाबदारी मासिक करारावर बाहेरच्या टीमकडे द्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ताई, आमचा रिपेअरवाला मुलगा फोन केला की अर्ध्या तासात येतो आणि पाचशे रुपये घेतो. मग दर महिन्याचे पैसे कशाचे? १९ जुलैला मोठमोठे करार केलेल्या कंपन्याच आडव्या झाल्या होत्या. आणि परक्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या कशा? हा लेख जाहिरात वाटतो.’

जाहिरातीचं आधी. मी हे करार विकत नाही. नोकरीत असताना मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, बिलं पास करणाऱ्या खुर्चीत होते. तिथून जे दिसलं ते लिहिते.

१९ जुलै २०२४ चं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण ते नीट उलगडून बघा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट आपल्याकडे सकाळी ९.३९ ला सुटलं आणि ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशीन बिघाड दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. असा दणका कुठलाही करार थांबवू शकत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण दोष सव्वा तासात मागे घेतल्यावरही गोंधळ दिवसचे दिवस का चालला? मशीन सुरूच होत नसल्यामुळे लांबून जोडणी करून ते दुरुस्त करता येईना. प्रत्येक मशीनपाशी माणूस जाऊन, ते सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर) चालू करून, त्यातली एक फाइल काढायची. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकायची. ती की ज्या सर्व्हरवर जपून ठेवलेली, तोच निळा पडला असेल तर? अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीची उड्डाणं पाच दिवस विस्कळीत होती, बाकीच्या बऱ्याच कंपन्या त्याआधी सावरल्या.

मशीन कुठलं, कुणाच्या टेबलावर, की कुठे ठेवली आहे, आधी कोणतं उठवायचं, हे सगळं शांतपणाच्या दिवसांत कुणीतरी बसून लिहावं लागतं. महिन्याचे पैसे त्या कंटाळवाण्या कामाचे असतात. तुमचा रिपेअरवाला मुलगा हुशार असेल, पण त्याला पाचशे रुपये बिघाड झाल्यावर मिळतात. बिघाड होऊ नये म्हणून, किंवा झाल्यावर लवकर सावरावं म्हणून एक दुपार घालवण्याचे त्याला कोण देतं?

आता विमानतळ सोडून आपल्या वडोदऱ्यात या. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी चढली. धोक्याची पातळी ओलांडून पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं. नदीकाठच्या भागात तळमजले बुडाले, वीज गेली, लष्कर बोलवावं लागलं. आपल्याकडे सर्व्हर म्हणवला जाणारा डबा बहुतेक ठिकाणी कुठे असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तळमजल्यावर, अकाउंट्सच्या टेबलाखाली, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. (दिवाळीला चोपडापूजनात, म्हणजे हिशेबाच्या वह्यांच्या पूजेत, लॅपटॉपलाही कुंकू लावतो आपण. त्यातल्या डेटाची दुसरी प्रत गावाबाहेर ठेवावी, हे मात्र कुणाला सुचत नाही.) अशा दिवशी तुमचा रिपेअरवाला अर्ध्या तासात येणार नाही, कारण पाणी त्याच्याही घरात असतं. टीम घ्यायचीच असेल, तर तिचं स्वतःचं ऑफिस कुठे आहे आणि तुमची प्रत कोणत्या शहरात आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. मदत करणारा आणि मदत मागणारा एकाच पाण्यात असून चालत नाही.

बॅकअपबद्दल जरा जास्त बोलते, कारण सगळी फसगत तिथेच होते. बॅकअप ‘होतो’ असं प्रत्येक जण सांगतो. तो उघडून कधी पाहिला, हे विचारलं की शांतता. रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, मूळ डेटाबरोबर कॉम्प्युटरला कायम जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं, म्हणजे दोन प्रती असूनही हातात शून्य. चांगली टीम ठरावीक काळाने टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा वेगळ्याच मशीनवर उघडून दाखवते: शेवटचं बिल कोणतं, बॅलन्स जुळतो का. आणि किती तास लागले, तेही. तो तासांचा आकडा हातात असेल तरच तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याला ‘गाडी दुपारी भरू’ असं सांगू शकता. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. बिल निघालं नाही की माल तयार असूनही गाडी गेटवर उभी. अडीअडचणीला पोर्टलवर हाताने बिल भरता येतं, पण पार्टीचे जीएसटी नंबर, दर, ऑर्डरी सगळं त्या बंद डब्यात असेल तर भरणार काय?

करार मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. मी बिलं पास करत होते तेव्हा एका करारात ‘पंधरा मिनिटांत प्रतिसाद’ असं लिहिलेलं होतं. प्रतिसाद मिळायचाच, फोनवर मुलगी तक्रारीचा नंबर द्यायची. मशीन चालू व्हायचं दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही पुढे. प्रतिसादाची वेळ आणि काम पूर्ववत होण्याची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी न लिहिणाऱ्याला सही देऊ नका. ‘९९ टक्के चालू राहील’ यालाही भुलू नका. उरलेला एक टक्का म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त, आणि ते २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या दिवशी आले तर?

किल्ल्यांच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची. २ जुलै २०२१ ला कासेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला, आणि ते सॉफ्टवेअर अशाच देखभाल करणाऱ्या टीम वापरत होत्या. साठाहूनही कमी थेट ग्राहकांमार्फत तो सुमारे दीड हजार व्यवसायांपर्यंत पोचला. स्वीडनमध्ये एका दुकानसाखळीची शेकडो दुकानं बंद राहिली, कारण गल्ल्याची मशीन चालेनात. आपल्याकडे जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना कॉम्प्युटरची सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय संस्थेने तिला व्यवहारांपासून तोडलं आणि जवळजवळ ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएम अडले. चूक एकाची, वांधे सगळ्यांचे. म्हणून त्यांच्या प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं हवं, त्यावर ओटीपीसारखी दुसरी पायरी हवी, आणि डोमेन (वेबसाइटचं नाव), ईमेल, मुख्य पासवर्ड तुमच्या नावावर हवेत, त्यांच्या नाही. तेवढंच तुमच्या रिपेअरवाल्या मुलालाही लागू आहे. त्याच्या मोबाइलच्या नोट्समध्ये तुमच्या कारखान्याचे किती पासवर्ड आहेत, कधी विचारलंत?

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मग त्या मुलालाच महिन्याला बांधून घेतलं तर?’ जरूर घ्या. प्रिंटर आणि केबलला त्याच्याइतका चपळ माणूस टीम पाठवणार नाही. फक्त तो लग्नाला गावी गेला की कोण येणार, त्या दुसऱ्या माणसाचं नाव लिहून घ्या, आणि पहिल्या महिन्याच्या पैशांत टॅलीचा बॅकअप घरच्या लॅपटॉपवर उघडून दाखवायला सांगा. उघडला नाही तर इथेच कळवा, पुढचं बोलू.