जुन्या ट्रेलरच्या वायरिंगचा तो मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय? मॅन्युअल नाही? काळजी सोडा!' अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. एक, व्हीआयएन नंबर (वाहनाचा ओळख क्रमांक) टाकला की ट्रेलरची सगळी माहिती मिळते. दोन, वायरचे रंग सगळीकडे सारखेच, रंगाला रंग जोडा. तीन, काळी वायर म्हणजे निगेटिव्ह. चार, ट्रेलरचा ३० अँपचा प्लग म्हणजे घरातल्या ड्रायरचाच पॉइंट, इलेक्ट्रिशियनला तसाच काढायला सांगा. पाच, कंपनी बंद पडली असेल तर माहिती शोधत बसू नका, मिळणार नाही.

माझ्या मावसभावाने नुकताच १९८०च्या दशकातला एक ट्रेलर घेतला. हा मेसेज वाचून तो गॅरेजबाहेर पॉइंट काढायला माणूस बोलावणार होता. मी अडवलं तर म्हणे, "दादा, चार गटांत आलाय, खोटा कसा असेल?" चार गटांत आला म्हणूनच हे लिहितोय. सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करतो, कारण त्यात एखाद्याचा ट्रेलर जळेल.

कपडे वाळवायच्या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात. ३० अँपच्या ट्रेलरला लागतात १२०. अँप जुळले म्हणून व्होल्ट जुळत नाहीत. ट्रेलरच्या प्लगला टीटी-३० म्हणतात. त्याला तीन काटे असतात: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. ड्रायरच्या जुन्या पॉइंटलाही तीनच काटे, पण त्यात दोन फेज आणि एक न्यूट्रल असतो. स्वतंत्र अर्थिंग त्यात नसतंच. काट्यांचा आकार वेगळा असल्याने ट्रेलरचा प्लग ड्रायरच्या पॉइंटमध्ये सरळ बसत नाही. खरा घोळ होतो तो भिंतीच्या आत. '३० अँप, तीन काटे' एवढंच ऐकून इलेक्ट्रिशियन पॅनेलमध्ये दोन पोलचा, म्हणजे २४० व्होल्ट देणारा, ब्रेकर टाकतो आणि बाहेर टीटी-३०चं सॉकेट लावतो. बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं. प्लग घातला की मायक्रोवेव्ह, टीव्ही, कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेची १२ व्होल्टची वीज करणारं यंत्र), फ्रिजचं सर्किट, सगळ्यांत दुप्पट व्होल्टेज शिरतं. ब्रेकर पडेल आणि वाचवेल या भरवशावर राहू नका. तो पडेपर्यंत आतली यंत्रं गेलेली असतात.

आपल्या लोकांना यात जास्त धोका वाटतो मला. भारतात घरात २३० व्होल्टच असतात, त्यामुळे २४० हा आकडा ऐकून कोणी दचकत नाही.

यासाठी माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं ५५१वं कलम खास अशा वाहनांसाठी आहे. जिथे बाहेरची वीज ट्रेलरमध्ये शिरते, त्या जागेजवळ इशाऱ्याची पट्टी हवी असं ते सांगतं, आणि ३० अँपच्या ट्रेलरच्या पट्टीवर ११०-१२५ व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि किती अँप हे लिहिलेलं असतं. जुन्या ट्रेलरवर ती उन्हाने फिकट झालेली किंवा रंगाखाली गेलेली असू शकते, पण ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च तिरका धरून बघा, बऱ्याचदा वाचता येते. मावसभावाच्या ट्रेलरवर ती केबलच्या झाकणाशेजारीच होती, फक्त धुळीने माखलेली.

एक गोष्ट मान्य करतो. ५० अँपच्या मोठ्या आरव्हींना (राहण्याची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) १२०/२४०चा चार काट्यांचा पॉइंट लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच कुठेतरी वाचलं आणि ३० अँपला चिकटवलं. ३० अँपसाठी इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते असं: टीटी-३० सॉकेट, एक पोलचा ३० अँपचा ब्रेकर, १० गेजची तांब्याची वायर, १२० व्होल्ट. काम झालं की ट्रेलर लावण्याआधी मल्टिमीटरने बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य. कुठेही २४० दिसले तर प्लगला हात लावू नका.

आता काळी वायर. गाडीच्या बॅटरीत काळी म्हणजे निगेटिव्ह, आणि भारतातल्या घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. त्यामुळे हा मुद्दा आपल्याला लगेच पटतो. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये मात्र काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. ट्रेलरच्या बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या बाजूलाही बहुतेक वेळा काळीच पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. म्हणजे एकाच ट्रेलरमध्ये दोन्हीकडे काळीत वीज! मेसेज ऐकून बॅटरी उलटी जोडली तर नशीब चांगलं असेल तर कन्व्हर्टरमधले उलट्या जोडणीसाठीचे फ्यूज उडतात आणि तेवढ्यावर भागतं. नशीब नसेल तर कन्व्हर्टरच बदलावा लागतो.

रंगाला रंग जोडण्याचा सल्लाही तसलाच. ट्रेलर गाडीला जोडायच्या दिव्यांच्या प्लगमध्ये कोणत्या जागी काय येतं हे ठरलेलं आहे. रंगांचं मात्र दोन परंपरांत वेगवेगळं. साध्या ट्रेलरच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे टेल लाइट, पिवळी डावं वळण, हिरवी उजवं वळण. आरव्हीच्या जुन्या पद्धतीत हिरवी म्हणजे टेल लाइट, लाल डावं, तपकिरी उजवं, पिवळी रिव्हर्सला. आता गाडीकडून पहिली पद्धत आणि ट्रेलरकडून दुसरी आली, आणि तुम्ही रंग जुळवले, तर काय होईल बघा. हेडलाइट लावले की ट्रेलरचा उजव्या वळणाचा दिवा सतत पेटून राहतो. उजवा इंडिकेटर दिला की टेल लाइट लुकलुकतात. डावा दिला तर वळणाचा दिवा लागतच नाही. रात्री हायवेवर मागच्या ट्रकवाल्याने यातून काय समजायचं?

शिवाय चाळीस वर्षांत मधल्या मालकांपैकी कोणी हाताला लागेल ती वायर वापरली असेल तर कुठलीच पद्धत कामाची नाही. तेव्हा तपासूनच जोडायचं. आधी बाहेरची वीज काढा आणि ट्रेलरची बॅटरी सोडवा. मग वेगळी १२ व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये फ्यूज घाला, निगेटिव्ह ट्रेलरच्या पांढऱ्या वायरला जोडा आणि बाकीच्या वायरना एकेक करून टेकवा. जो दिवा पेटेल त्याचं नाव चिकटपट्टीवर लिहून वायरला लावा. इलेक्ट्रिक ब्रेकची वायर, बहुधा निळी, मीटरने कळते: १० किंवा १२ इंची ब्रेक ड्रममधल्या एका मॅग्नेटचा (ब्रेक लावणाऱ्या विद्युतचुंबकाचा) रोध साधारण ३.२ ओहम. दोन चाकांना ब्रेक असतील तर दोन्ही मिळून १.६च्या आसपास, चारांना असतील तर ०.८. दुपारभराचं काम आहे, पण यातून निघालेलं चित्र कुठल्याही छापील आकृतीपेक्षा जास्त खरं असतं, कारण ते तुमच्याच ट्रेलरचं असतं.

व्हीआयएनबद्दल अर्धं खरं आहे. १९८१पासून १७ अक्षरी व्हीआयएन आला. एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या मोफत डीकोडरवर टाकला तर उत्पादक, प्रकार, मॉडेल वर्ष अशी माहिती मिळू शकते. त्यात वायरिंग नसतं, पाण्याच्या टाकीचं माप नसतं. १९८१ आधीच्या ट्रेलरचा नंबर तर ज्याच्या त्याच्या मर्जीचा. दहावं अक्षर वर्षाचं असतं, पण ते तीस वर्षांनी परत येतं: एफ म्हणजे १९८५ही आणि २०१५ही. पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन, अ‍ॅक्सलची मर्यादा, टायरचं माप आणि हवेचा दाब हे सगळं ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात लावलेल्या लेबलवर असतं. आधी ते शोधा.

पाचवा मुद्दा सरळ चुकीचा. फ्लीटवूड २००९मध्ये दिवाळखोरीत गेली, म्हणून तिच्या ट्रेलरमधला फ्रिज किंवा हीटर अनाथ होत नाही. ट्रेलर कंपन्या मुख्यतः जोडणी करतात. फ्रिज डोमेटिक किंवा नॉरकोल्डचा, भट्टी (ट्रेलर गरम ठेवणारी) सबर्बनची, पाण्याचा हीटर अ‍ॅटवुडचा, असा बाहेरून आणलेला माल असतो. प्रत्येकावर मॉडेल नंबरची पट्टी असते. फ्रिजची बहुधा आतल्या भिंतीवर, भट्टीची झाकणामागे. पट्टीचा फोटो काढा आणि त्या यंत्राचं मॅन्युअल त्या नंबराने शोधा, ट्रेलरच्या नावाने नाही. कन्व्हर्टरच्या पुस्तिकेत १२ व्होल्टच्या फ्यूजची मांडणीही बऱ्याचदा सापडते, म्हणजे निम्मं वायरिंग हातात आलं. मूळ ब्रोशरच हवं असेल तर इंडियानातल्या एल्कहार्टला आरव्ही/एमएच हॉल ऑफ फेमचं ग्रंथालय आहे, तिथे जुनं छापील साहित्य जपलेलं आहे.

ज्यांनी हा मेसेज आपल्या गटात टाकलाय त्यांनी निदान त्याच गटात आज एवढं लिहा: चौथा मुद्दा चुकीचा आहे, ३० अँपच्या ट्रेलरला १२० व्होल्ट लागतात, आणि ज्यांनी पॉइंट आधीच काढून घेतलाय त्यांनी मीटर लावल्याशिवाय ट्रेलर जोडू नये.