बाळंतपणानंतरची पाळी : "घाण जाते, जाऊ दे" म्हणणं आता बंद करूया

बाळंतपणानंतर पाळी परत येते तेव्हा पहिल्या एक-दोन पाळ्यांना जास्त जातं, हे खरं. पण आपल्या कोकणात एवढ्याशा आधारावर महिनोन् महिने अंगावर काढलं जातं. "घाण जाते ती, जाऊ दे." घाण कसली? रक्त जातं. तेही बाळंतपणात आधीच रक्त कमी झालेल्या बाईचं.

आधी ती पाळीच आहे का ते बघा. बाळंतपणानंतरचं जाणं चार ते सहा आठवडे चालतं; लाल, मग तपकिरी, मग पिवळट. ओसरलेलं जाणं पुन्हा लालभडक झालं, घाण वास आला, ताप चढला, तर वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो किंवा पिशवीत जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, बारशाचं काय ते नंतर बघता येईल.

"खूप जातं" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. आकडा द्या. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत प्रत्येक पूर्ण भिजलेल्या पॅडमागे एक काडी मारा. कापड वापरत असाल तर किती वेळा बदललं त्याची काडी. दोनच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडल्या तर गोल काढा. रात्री उठून बदलावं लागणं, सात दिवसांपुढे चालणं, मोठ्या गाठी, यातलं काहीही दिसलं तर तपासणी हवीच.

कारणं बरीच असतात. तांबी बसवली असेल तर पहिले तीन ते सहा महिने जास्त जातं; घाबरून लगेच काढायला लावू नका, पण जागेवर आहे का ते तपासून घ्या. अंतरा (दिवस राहू नयेत म्हणून दिलं जाणारं) इंजेक्शन घेतलं की पाळी अनियमित होते. फायब्रॉइड (गर्भपिशवीतली गाठ) आणि थायरॉइडचा त्रास ही आणखी दोन. आणि जे घरात कुणी बोलत नाही ते : अंगावर पाजत असतानाही दिवस राहू शकतात, पहिली पाळी यायच्या आधीसुद्धा. लांबलेल्या पाळीनंतर एकदम भरपूर गेलं तर तो गर्भपातही असू शकतो. आशाताईंकडे निश्चय किट (दिवस राहिलेत का ते लघवीवरून बघायचं) मिळतं, आधी ते करा. मग हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लागल्यास सोनोग्राफी.

रक्तवाढीची गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस, रोज एक. सरकारी केंद्रात फुकट मिळते, तरी निम्म्या गोळ्या फडताळात पडून राहतात याचं फार वाईट वाटतं. चहाच्या आगेमागे तासभर ती घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत चांगली लागू पडते. शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. कित्येक घरांत बाळंतिणीला पिठी-भात चालतो आणि तिसऱ्या (शिंपल्या) वर्ज्य. तिसऱ्यांत भरपूर लोह असतं. ताज्या आणि नीट शिजवलेल्या असतील तर तिला खुशाल वाढा.

रक्त थांबवायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर ती धोक्याची.

सलग दोन तास तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा छाती धडधडत असेल तर उजाडायची वाट बघू नका. 108 लावा, तिला आडवी झोपवा, एकटीला न्हाणीत जाऊ देऊ नका. गाडी येईपर्यंत डिस्चार्ज कार्ड, शेवटचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि कालनिर्णयाचं ते पान पिशवीत घाला.