खाडी ओलांडली की कोकण बदलतं

काल रात्री कट्ट्यावर सुट्टीचा विषय निघाला. बंड्याचा बेत मोबाइलवर तयारच होता: चार दिवस, अलिबाग ते मालवण, वाटेत सहा किल्ले. "एकदाच गाडी काढू आणि सगळं कोकण उरकून टाकू."

"उरकायला ती घरपट्टी आहे का?" अण्णा उसळला. त्याचं आजोळ हर्णैचं.

बंड्याचं म्हणणं, समुद्र तोच, माड तेच, सोलकढी तीच. भाऊ मालवणचा, त्याला हे सहन होईना. "तुका काय ठावक रे!" मग सिंधुदुर्गच सुरू झाला. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी पाया घातला, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी. त्या पाण्याची ओंजळ तोंडाला लावली की पुढचं काही बघावंसं वाटत नाही, असं तो म्हणाला. चार दिवस मालवणातच राहायचं, हा त्याचा हट्ट.

मला दोघांचंही पटेना. कोकणाचे तुकडे खाड्यांनी पाडलेत. अलिबागला आंग्र्यांचा कुलाबा, ओहोटीला चालत आत जाता येतं. रेवदंड्याची खाडी ओलांडा, कोर्लई लागतं. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली तिथल्या काही घरांत अजून बोलतात. आणखी थोडं खाली मुरूड, तिथे १९४८ पर्यंत सिद्दीचं संस्थान. हे सगळं एका दुपारच्या अंतरात! बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा, विजयदुर्गच्या खाडीपलीकडे सिंधुदुर्ग. बोली बदलते, कालवणाचं वाटणसुद्धा बदलतं. म्हणून माझं म्हणणं, दोन खाड्यांमधला एकच पट्टा धरा आणि तिथे नीट राहा.

"तुम्हाला बोलायला सोपं आहे," बंड्या म्हणाला. "मला वर्षातून चारच दिवस रजा मिळते. पुन्हा कधी जाणार मी?"

यावर कोणी काही बोललं नाही. त्याचं खरं होतं. घरात दोन लहान मुलं, आईचं आजारपण. त्याला सगळं एकदाच बघून घ्यावंसं वाटलं तर त्यात चूक काय?

मग अण्णाच हळू आवाजात सांगू लागला. हर्णैला संध्याकाळी होड्या येतात. धक्क्यापर्यंत नाही, थोड्या आतच थांबतात. बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरतात, बैल लाटेला मान वळवून उभे. टोपल्या गाडीत पडतात, गाडी वाळूवर येते आणि पापलेट-सुरमईचे वाटे लागून लिलाव पुकारला जातो. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग काळा होत जातो. "आणि तू त्या वेळी गाडीत असशील, पुढचा मुक्काम गाठायच्या घाईत," अण्णा म्हणाला. "पोरांना नुसता रस्ता दिसेल."

बंड्या बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किती वाजता येतात होड्या?"

शेवटी बाणकोट ते दाभोळ ठरलं. वेसवीची फेरीबोट, केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आणि हर्णैला दोन संध्याकाळी. भाऊ अजून रुसलेला आहे. बंड्याने जंजिरा काढला, मालवण काढलं. गुहागर मात्र यादीत ठेवलंय. दाभोळची फेरी पलीकडे धोपाव्यालाच तर लागते, म्हणतो.