कितवा नंबर उना?

लेदरचा रेसिंग सूट अंगात चढवून बघायला मे महिन्यातली दुपार निवडू नये, आणि अमळनेरची दुपार तर मुळीच निवडू नये. पण कुरियरवाला आला दीड वाजता, आणि बॉक्स समोर पडलेला असताना एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला संध्याकाळपर्यंत दम निघतो होय? बायकोने अर्धा डबा टाल्कम पावडर माझ्या पायांवर ओतली, पोराने मागून कॉलर धरली, ती पुढून चेन ओढायला लागली आणि मी पोट आत घेऊन पंख्याकडे बघत उभा. चेन बेंबीपर्यंत आली आणि तिथेच बसली. "आता श्वास सोडू नका हं," बायको म्हणाली. सोडायला होता कुठे श्वास.

बरं हा सूट गाडीवर वाकून बसायच्या मापाने शिवलेला असतो, म्हणजे उभं राहिलं की माणूस आपोआप नमस्काराला वाकल्यासारखा दिसतो, शिवाय पाठीवर एक कुबड असतं, ते वेगात हवा कापायला असतं म्हणे. अशा अवस्थेत मी गुडघे वाकवून हॉलमधून चाललो होतो आणि आतल्या खोलीतून दुपारची झोप झालेले आबा बाहेर आले. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हाऊ कोन शे?"

सूट सेकंडहँड. किंमत २६ हजार ६५०. माझं कृषी केंद्र आहे त्यामुळे डोक्यात हिशोब आपोआप होतो, ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे अंगावर बरोबर शंभर गोण्या. हे बायकोला सांगितलं नाही, तुम्हीपण सांगू नका.

त्या रात्री ओट्यावर आबांना ट्रॅक डे म्हणजे काय ते समजावायला बसलो. म्हटलं रेसिंगचा ट्रॅक असतो, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, ३.७१७ किलोमीटरचा, बारा वळणं, समोरून कोणी येत नाही, ढोर आडवं येत नाही, त्याच्यावर दिवसभर गाडी चालवायची. मग पहिला कोन येस, आबा म्हणाले. म्हटलं कोणी नाही, ती रेस नसते. बक्षीस? नाही. पैसा आपुनच देवाना? हो. आबांनी सुपारी कातरता कातरता थोडा विचार केला आणि म्हणाले, "घाणाना बैलबी गोलच फिरस, पन तेल तरी निंघस."

ह्याच्यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

तरी गेलो. गाडी म्हणजे सेकंडहँड आर-फिफ्टीन बाईक, १५५ सीसी, ट्रान्सपोर्टने पुढे पाठवली. श्रीपेरुंबुदूरला मावसभाऊ नोकरीला आहे, त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी सीझनभर राहील असं ठरलं, भाडं म्हणून दर खेपेला पाच किलो भरताची हिरवी वांगी आणि एक किलो तिखट शेव. मी जळगावहून नवजीवन एक्सप्रेस धरायचो, एक अख्खा दिवस आणि वर रात्र, मांडीवर हेल्मेट, सीटखाली वांगी. नागपूरकडचे एक काका समोर बसलेले, ते बल्लारशाहपर्यंत हेल्मेटकडेच बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, गाडी कुठे आहे?

निघायच्या आधी गाडी तयार करायचं एक वेगळंच प्रकरण. कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरून पडतो. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधायचा म्हणजे ढिला होऊन पडणार नाही. आमच्या गॅरेजवाल्या भाऊने स्लॅबच्या सळया बांधायची तार घेतली आणि असा काही बांधला की तो बोल्ट आता माझ्या नातवालाच सुटेल. हेडलाईट आणि मागचा लाईट टेपने झाकायचे, फुटले तर काच पसरू नये म्हणून. इथपर्यंत त्याला पटलं. आरसे काढ म्हटल्यावर मात्र त्याने पाना खाली ठेवला.

"आरसे काढल्यावर मागचा दिसणार कसा?"

बघायचंच नसतं, म्हटलं. ओव्हरटेक करणाऱ्याने सांभाळायचं, पुढच्याने फक्त आपली लाईन धरून चालायचं. आबापण तिथेच स्टुलावर बसलेले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धुळे-जळगाव रोडवर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना मागच्या माणसावर भरवसा ठेवा म्हणून सांगणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

सप्टेंबरमधला पहिला ट्रॅक डे. सकाळी सातला गाडी तपासली, त्या तारेकडे तपासणारा बराच वेळ बघत राहिला पण पास केलं, पुढे नंबरचं स्टिकर चिकटवलं, ४७. मग झेंड्यांचा क्लास, पिवळा म्हणजे पुढे लफडं आहे ओव्हरटेक करू नका, लाल म्हणजे सेशन बंद सावकाश आत या, काळा दाखवला म्हणजे तुम्हीच काहीतरी केलंय. नवशिक्यांचा ग्रुप वेगळा, वीस-वीस मिनिटांचे पाच सेशन.

पहिल्याच सेशनला मला काळा.

झालं असं की माझ्यापेक्षाही हळू चालणारा एक जण मला सापडला, असा माणूस जगात असेल असं वाटलंच नव्हतं, तर आनंदाच्या भरात मी बाहेरून त्याला काढला आणि काढताना सवयीने हॉर्न दिला. एकदा नाही, आपण ट्रकला देतो तसा, तीन वेळा. आत बोलावलं. इन्स्ट्रक्टर अगदी शांत आवाजात म्हणाला, "सर, हॉर्न नो." पुढच्या सेशनला त्यांनी हॉर्नच्या बटणावर टेप लावून दिली, तरी अंगठा दिवसभर तिथेच जात होता.

दुसरी गोष्ट त्याने शंभरदा सांगितली, जिथे बघाल तिथे गाडी जाईल. हे खरं आहे हे मला चौथ्या सेशनला एका डावीकडच्या वळणावर पटलं, कारण मी वळणाच्या बाहेरच्या गिट्टीकडे बघितलं, कशाला बघितलं माहीत नाही, नव्वदच्या आसपास स्पीड असेल, आणि गाडी शिस्तीत गिट्टीत. आता खरं तर इथे लोक पडतात. मी नाही पडलो. ब्रेकला हात नाही लावला, हँडल ढिलं सोडलं, बूड जरा उचललं, गाडी हलत डुलत गेली तीस-चाळीस मीटर आणि थांबली. उतरलो, ढकलत कडेला आणली. इन्स्ट्रक्टर पळत आला, पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर माझ्याबद्दल आदर दिसला. विचारतो, सर, मोटोक्रॉस केलंय का? म्हटलं नाही, चौपदरीकरण.

सीझनभरात मिळालेली तेवढीच तारीफ. बाकी दिवस दातांना तारा लावलेल्या एका कॉलेजच्या पोरीने मला ओव्हरटेक करण्यात गेला. मेन स्ट्रेट, म्हणजे ट्रॅकचा लांब सरळ पट्टा, संपली की उजवीकडे सी-१ येतं, मोठं आणि भयंकर फास्ट वळण, सगळ्यांचं म्हणणं तिथे गॅस सोडायचाच नाही, आणि माझं मनगट माझं न ऐकता आपोआप सोडायचं, नेमकी तिथेच ती बाजूने सूं करून जायची. एकदा तर जाता जाता तिने पाय बाहेर काढला, मला वाटलं लाथ मारते की काय, नंतर कळलं ट्रॅक सोडून पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, वळायची खूण असते ती. दुपारी ती माझ्याकडची केळी खात म्हणाली, अंकल, यू आर व्हेरी स्मूथ. स्मूथ म्हणजे हळू, हे मला इतकं इंग्रजी समजतं.

दिवसाची एकूण पंचवीसेक लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, झाली, म्हणजे जवळपास जळगाव ते धुळं. सगळ्यात चांगली लॅप ३ मिनिटं ८ सेकंद. फोटोवाल्याकडून एक फोटो घेतला आणि स्टेटसला टाकला.

तिथेच चूक झाली. मी घरी पोहोचायच्या आत गल्लीभर झालं होतं की भाऊचा सत्तेचाळीसवा नंबर आला. दुकानात गिऱ्हाईक बियाणं घ्यायला आलं तरी आधी सांत्वन. एकूण किती होते? म्हटलं पन्नासेक. अच्छा अच्छा, म्हणजे तीन जण तरी मागे होते ना. स्टिकर आहे ते, नुसता गाडीचा नंबर आहे, मी सांगत बसलो, पण जो माणूस हरला तो असंच बोलणार हे लोकांना माहीत असतं. आबांनी खांद्यावर हात ठेवला. "सत्तेचाळीसवा उना तं काय व्हयनं. पुढला टाईमले दखू."

डिसेंबरच्या ट्रॅक डेला ३१ नंबरचं स्टिकर मिळालं. गल्लीत समाधान, पोरगा सुधरतोय. लॅप ३ मिनिटांच्या आत आली होती, २ मिनिटं ५३ सेकंद, त्याचं कोणाला काही नाही. जानेवारीत ३८, आणि चहाच्या टपरीवर चर्चा की भाऊचं लक्ष नाही, दुकानाचं टेन्शन असेल. मी आतून गुडघा जमिनीला टेकवायच्या नादात होतो. सूटच्या गुडघ्यावर प्लास्टिकची वाटी असते, स्लायडर म्हणतात, वळणात झुकल्यावर ती डांबराला घासायची असते. माझ्या दोन्ही वाट्या नव्या नवरीच्या भांड्यांसारख्या. नाही म्हणायला उजवीवर एक ओरखडा आहे, तो मावसभावाच्या पार्किंगमध्ये वांग्याची पिशवी उचलताना पडला. पोराला मात्र मी सी-१ला पडला म्हणून सांगितलंय.

फेब्रुवारीत शेवटचा ट्रॅक डे. काऊंटरवरच्या माणसाला हळूच विचारलं, भैया, छोटा नंबर कुछ है क्या? त्याने खोका उपसला. एक गेला होता. दोन होता.

त्या दिवशी लॅप २.४१ झाली. पहिल्या दिवसापेक्षा सत्तावीस सेकंद कमी, सी-१ला मनगट पहिल्यांदा जागेवर राहिलं, आणि हेल्मेटच्या आत मी एकटाच मोठ्याने ओरडलो. पण घरी आलो तर हे विचारायला कोणाला वेळच नव्हता. आबांनी फोटो बघून पेढे वाटून टाकले होते, अडीच किलो. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. बायको सगळं समजून होती, तिने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेढा तोंडात घातला. मी खरंखोटं काहीच बोललो नाही. आता अडीच किलो पेढे लोकांच्या पोटातून काढणार कसे.

रात्री ओट्यावर खाट टाकून आबा पडले होते, मला वाटलं झोपले.

"मंग पहिला कोन उना?"

काय सांगणार. म्हटलं, पोरगी होती आबा एक, दातांना तारा लावलेली, सारखी मागून यायची आणि पुढे निघून जायची.

आबांनी कूस बदलली.

"पुढला टाईमले आरसा लाईसन जाय."