पेटीच्या वरच्या थरात हापूस: ईडीएफच्या फॉरवर्डबद्दल

कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा असा: ‘फ्रान्सची सरकारी वीज कंपनी ईडीएफ देशाची ७० टक्के वीज अणूतून बनवते. पन्नास वर्षांत एकही अपघात नाही. उत्पादन बारा महिने अखंड. वीज स्वस्त. हीच कंपनी जैतापूरला यायला तयार होती, पण आंदोलकांनी खोडा घातला आणि महाराष्ट्राचं नुकसान झालं.’ खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

मी अणुऊर्जेचा विरोधक नाही. ७० टक्क्यांचा आकडाही फारसा चुकीचा नाही. वर्षागणिक थोडा खाली-वर होतो, एवढंच. अडचण पुढच्या वाक्यांपासून सुरू होते.

‘एकही अपघात नाही.’ आपलं तारापूर ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालं. त्याच महिन्यात लुआर नदीकाठच्या सां-लोराँ इथल्या ईडीएफच्या अणुभट्टीत इंधन भरताना चूक झाली आणि सुमारे ५० किलो युरेनियम वितळलं. मार्च १९८० मध्ये तिथल्याच दुसऱ्या भट्टीत पुन्हा इंधन वितळलं, या वेळी सुमारे २० किलो. हा प्रसंग अणुअपघातांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर चौथ्या पातळीचा धरला जातो. त्या भट्ट्या जुन्या ग्रॅफाइट पद्धतीच्या होत्या आणि केव्हाच बंद झाल्या, हे खरं. पण ‘एकही नाही’ म्हणजे एकही नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २७ डिसेंबर १९९९ ची रात्र. बोर्दोच्या उत्तरेला जिरोंद खाडीच्या काठावर ब्लाये नावाचं ईडीएफचं केंद्र आहे. वादळ आणि भरती एकत्र आली, लाटा बांधावरून आत आल्या, पहिल्या दोन युनिटांच्या तळघरांत पाणी भरलं आणि सुरक्षेसाठीचे काही पंप निकामी झाले. बाहेरून येणाऱ्या काही वीजवाहिन्याही त्याच रात्री तुटल्या. कुणाचा जीव गेला नाही, किरणोत्सर्ग पसरला नाही, आणि नंतर ईडीएफला पुराची सगळी गणितं नव्याने मांडावी लागली. फुकुशिमाच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट. जैतापूर प्रकल्पाची जागा असलेला माडबनचा सडा समुद्रापासून बराच उंच आहे, हे एनपीसीआयएल या भारताच्या सरकारी अणुवीज कंपनीचं म्हणणं मला मान्य आहे, त्यामुळे ब्लायेवरून थेट जैतापूरला उडी मारणार नाही. पण खाडीकाठच्या माणसाने ही रात्र माहीत करून घ्यायला हरकत नाही.

‘उत्पादन अखंड.’ हे लिहिणाऱ्याने २०२२ साल कॅलेंडरमधून फाडून टाकलेलं दिसतं. २०२१ च्या अखेरीस सिव्हो केंद्रात सुरक्षा यंत्रणेच्या पाइपांना गंजातून बारीक तडे गेलेले सापडले. मग तशाच बांधणीच्या इतर भट्ट्या तपासणीसाठी बंद कराव्या लागल्या. त्यात नेहमीची देखभाल, कोविडमध्ये लांबलेली कामं आणि उन्हाळ्यात तापलेल्या नद्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ५६ पैकी निम्म्याहून अधिक भट्ट्या बंद होत्या. वर्षभराचं अणुवीज उत्पादन २७९ अब्ज युनिटांवर आलं, तीस वर्षांतलं सर्वांत कमी. एरवी शेजाऱ्यांना वीज विकणारा फ्रान्स त्या वर्षी विकत घेणारा झाला. कंपनीला १७.९ अब्ज युरोंचा तोटा झाला.

एक बाजू सांगितली की दुसरीही सांगायला हवी. ईडीएफ सावरली. २०२४ मध्ये उत्पादन ३६० अब्ज युनिटांच्या वर गेलं आणि फ्रान्सने वीज निर्यातीचा विक्रम केला. एकाच साच्याच्या भट्ट्या रांगेने बांधण्याचा हा गुणही आणि दोषही: चालतात तेव्हा सगळ्या चालतात, खोट निघाली की एकीबरोबर दहा तपासाव्या लागतात.

‘वीज स्वस्त.’ इथे थोडं थांबू. २०११ पासून कायद्याने ईडीएफला दरवर्षी १०० अब्ज युनिटांपर्यंत अणुवीज आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना ठरलेल्या दराने विकावी लागे, युनिटला ४.२ सेंट. बाजार पडला की प्रतिस्पर्धी फिरकत नसत, चढला की रांग लागे. २०२२ मध्ये सरकारने आणखी २० अब्ज युनिटांचं ओझं टाकलं. कंपनीने वीज आधीच विकून टाकलेली होती. ती बाजारातून कितीतरी चढ्या भावाने परत घ्यायची आणि ४.६२ सेंटला द्यायची, असा तो व्यवहार. ईडीएफ आपल्याच मालकाविरुद्ध, म्हणजे सरकारविरुद्ध, दावा करायला निघाली. शेवटी सरकारने उरलेले १६ टक्के समभाग सुमारे ९.७ अब्ज युरोंना विकत घेतले आणि २०२३ मध्ये कंपनी पूर्ण सरकारी केली. ग्राहकाला दिलासा मिळाला, तो खराच. पण त्याची किंमत ईडीएफच्या ताळेबंदात आणि करदात्याच्या खिशात जाऊन बसली होती.

आता जो थर उघडायचा होता तो. आंब्याची पेटी घेताना वरचा थर बघून पैसे देऊ नयेत, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. फॉरवर्डच्या वरच्या थरात आहेत त्या १९७४ च्या मेस्मेर योजनेतल्या भट्ट्या. तेलाचा भडका उडाला, सरकारने ठरवलं, आणि अमेरिकेच्या वेस्टिंगहाउसच्या परवान्यापासून सुरुवात करून एकाच धाटणीच्या भट्ट्या पटापट उभ्या राहिल्या: ९०० मेगावॉटच्या ३४, मग १,३०० च्या २० आणि शेवटी १,४५० च्या चार. फ्रान्सची जी कीर्ती आहे ती यांची.

जैतापूरच्या आराखड्यात यातली एकही नाही. तिथे ठरल्या होत्या त्या ईपीआर नावाच्या नव्या, मोठ्या धाटणीच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा. माल वेगळा.

ईपीआर फ्रान्समध्ये एकच आहे, फ्लामांविलला. काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालं, २०१२ ला वीज मिळणार होती, खर्च ३.३ अब्ज युरो सांगितला होता. अणुभट्टीच्या भांड्याच्या झाकणात आणि तळात ठरल्यापेक्षा जास्त कार्बन सापडला. पुढे मुख्य वाफवाहिन्यांचे जोड सदोष निघाले आणि नियामकाने ते पुन्हा करायला लावले. वीज ग्रिडमध्ये आली २१ डिसेंबर २०२४ ला. कंपनीच्याच हिशेबाने खर्च १३.२ अब्ज, म्हणजे चौपट. कर्जावरचं व्याज वगैरे धरून फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने काढलेला आकडा त्याहून बराच मोठा आहे.

फ्रान्सबाहेरच्या ईपीआर बघा. फिनलंडचा ओल्किलुओटो प्रकल्प २००९ मध्ये पूर्ण व्हायचा होता, नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. त्यात अरेव्हा ही बांधणारी कंपनी आर्थिकदृष्ट्या कोलमडली आणि तिचा अणुभट्टी विभाग ईडीएफच्या गळ्यात आला. इंग्लंडमधला हिंक्ली पॉइंट २०१६ मध्ये १८ अब्ज पौंडांचा होता, २०२४ च्या सुरुवातीला ईडीएफने अंदाज ३१ ते ३५ अब्ज केला, तोही २०१५ च्या किमतींत. चीनमधल्या तैशानच्या दोन भट्ट्या तुलनेने लवकर झाल्या, नऊएक वर्षांत.

फ्लामांविलची बारा वर्षं कुठल्या आंदोलकांनी खाल्ली?

जैतापूरला आंदोलन झालंच. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला, ते त्या मेसेजात कुठेच नाही. पण तारखा बघा. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्येच मिळाली होती. नऊशेहून अधिक हेक्टर जमीन संपादित होऊन कुंपणही पडलं. त्यानंतर गाडी अडली ती दिल्ली आणि पॅरिसमध्ये: युनिटचा दर किती, अपघात झाल्यास २०१० च्या कायद्याप्रमाणे पुरवठादाराकडे भरपाई मागायची की नाही, आणि करार ज्या अरेव्हाशी व्हायचा होता ती शिल्लक राहते का. ईडीएफने एनपीसीआयएलला बंधनकारक प्रस्ताव दिला तोच मुळी एप्रिल २०२१ मध्ये.

‘कंपनी यायला तयार होती’ याचा अर्थ तरी काय, तेही तेव्हाच कंपनीने स्पष्ट केलं होतं. ईडीएफ आराखडे आणि यंत्रसामग्री पुरवणार. ती या प्रकल्पात गुंतवणूकदार नाही आणि बांधकामाची जबाबदारीही तिची नाही. बांधायचं एनपीसीआयएलने. म्हणजे फ्लामांविलसारखा बारा वर्षांचा उशीर माडबनच्या सड्यावर झाला, तर त्याचा हिशेब पॅरिसला कुणी मागू शकणार नाही.